निवडणारा आणि जेवणारा

अन्न कसें निवडावें हा प्रश्न वैद्यांचा समजून नीतीचा विचार करणारे लोक तो बहुधा बाजूस सारतात. ज्याचें पोट त्याची चिंता. त्यांत धर्माधर्माचा संबंध काय, असें त्यांस वाटतें. पोट ज्याचें त्याचें असतें हें खरें. पण ताटांत काय पडावें हें ठरविणाराहि नेहमीं तोच असतो असें नाहीं. मूल, आजारी माणूस, घरचा गडी, शिपाई, बंदिवान हीं सारीं दुसऱ्यानें निवडलेलें जेवतात.

बेरीबेरी या रोगाचा इतिहास या दृष्टीनें वाचण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच सत्तेखालील जावा बेटांत ख्रिस्तियान आइकमन हा डॉक्टर या रोगाचें कारण शोधीत होता. त्याच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्यांना लष्करी इस्पितळांतला उरलेला पांढरा भात घालीत. त्या लुळ्या पडल्या. पुढें इस्पितळांत नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांनीं कां खावा, असें वाटून त्यानें तो बंद केला. आणि असडीक तांदूळ मिळूं लागतांच कोंबड्या बऱ्या झाल्या! आचाऱ्याच्या कृपणपणानें शास्त्राचें एवढें कल्याण क्वचितच केलें असेल. नंतर जावांतील सुमारें शंभर तुरुंगांची पाहणी झाली. जेथें कैद्यांस सडलेला तांदूळ मिळे तेथें रोगाचा सुळसुळाट, व जेथें कोंड्यासकट मिळे तेथें तो जवळजवळ नाहीं, असें आढळलें. १९२९ सालीं आइकमनला नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. कोंड्याबरोबर टाकून दिल्या जाणाऱ्या त्या द्रव्यास आज थायमिन किंवा बी-१ जीवनसत्त्व म्हणतात.

कैद्यांस किंवा शिपायांस रोगी करावें असा हेतु कोणाचाच नव्हता. कोंड्यांतलें तेल लवकर खवट होतें, म्हणून कोंडा काढलेला तांदूळ कोठारांत अधिक टिकतो. शिवाय तो दिसतो देखणा. मात्र हे दोन्ही गुण निवडणाऱ्याच्या सोयीचे आहेत. जेवणाऱ्यास त्यांपासून कांहीं मिळत नाहीं. उलट त्याचें होतें तेंहि जातें.

आपल्याकडे तर पांढरेपणास आदराचा अर्थ चिकटला आहे. पाहुण्याच्या पानांत शुभ्र बारीक भात, आणि गड्यापुढें जाडा तांबडा भात किंवा नाचणीची भाकरी, ही रीत कित्येक घरांतून चालत आली. कोंकण व गोमंतक येथील उकडा तांदूळ तूसासकट उकडल्यामुळें कोंड्यांतील सत्त्व दाण्यांत शिरतें, व पुढें तो गिरणींत कांडला तरी बरेचसें टिकतें; पण मेजवानीस तो सहसा वाढीत नाहींत. ज्यास कमी मान, त्यास अधिक सकस धान्य, असा हा चमत्कारिक न्याय आहे. अर्थात् त्या गड्यानें तें निवडलेलें नव्हतें, व पोटभर मिळत होतें असेंहि नव्हे.

१९३४ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला, तो योग्यच होता. परंतु मुसळ कोणाच्या हातीं द्यावयाचें? एकाचें आरोग्य दुसरीच्या दंडांच्या श्रमांवर उभें करणें मला मान्य नाहीं. सुदैवानें आतां केवळ तूस काढून कोंडा राखणारीं यंत्रें आहेत, त्यामुळें ही सबब राहिलेली नाहीं.

२०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें म्हणून पाळलें, आणि शहरांतील दुकानांत नाचणी रंगीत पुड्यांतून मिरवूं लागली. श्रीमंतानें ती खावी. पण घरीं काम करणाऱ्या बाईस आपण दुपारीं काय वाढतों, हेंहि एकदां पाहावें. मात्र सणाच्या दिवशीं गरिबानें पांढरा भात मागितला असतां त्यास जीवनसत्त्वांवर व्याख्यान देणें हा उद्धटपणा होय. तो भात मागत नसून मान मागत असतो. येथें विचार चालला आहे तो रोजच्या जेवणाचा, आणि त्यांतहि ज्यांस निवड नाहीं त्यांच्या जेवणाचा. वसतिगृहांच्या आणि इस्पितळांच्या कोठींत तांदूळ आजहि बहुधा मुठींत घेऊन डोळ्यांनींच पारखला जातो, आणि पारखणारा त्या दिवशीं आपल्या घरीं जेवतो.