कोळ्याच्या बाजूने

सुप्याला आमच्या विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरची पेटी आहे. पावसाळ्यात तिच्यात कुंभारीण माशी घर बांधते. काळीपिवळी, कंबर दोऱ्याएवढी. हौदाच्या ओलीवरून चिखलाची गोळी जबड्यात धरून आणते आणि लिंपताना बारीक गुणगुणते. त्या थरथरीने चिखल नीट बसतो. यंदा एक खोली मी चाकूच्या टोकाने उघडली. आत हिरवट, ठिपक्यांचे कोळी दाटीने कोंबलेले, एकाच्या पोटाला पांढरट अंडं. वरच्या कोळ्याला काडी लावली तसा त्याचा पाय हलला. नांगी मारून लुळे केलेले, पण जिवंत. मेलेले असते तर अळी वाढेपर्यंत कुजून गेले असते.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत शेवटची ही. कोंडलेला किडा भीतीने तिचंच ध्यान करतो आणि तिच्याच रूपाचा होतो. एकनाथांनी या स्कंधावरची मराठी टीका १५७३ साली काशीत पुरी केली. आमच्याकडे तिचं पारायण होतं.

जुन्या माणसांची नजर कच्ची नव्हती. बंद घर, गुणगुण, आत किडा, बाहेर कुंभारीण, हे सगळं त्यांनी खरंच पाहिलं. मात्र बाहेर पडते ती तिचीच लेक. कोळ्याच्या मांसाची कुंभारीण होते. कोळ्याची होत नाही.

डार्विनने १८६० मध्ये आसा ग्रे यांना लिहिलं, की सुरवंटाला आतून जिवंत खाणारे कीटक दयाळू देवाने मुद्दाम घडवले, हे मनाला पटत नाही. आमचा पेच मला त्याहून अवघड वाटतो. आम्ही मानतो की कुंभारीण आणि कोळी, दोघांत आत्मा एकच, तर गाऱ्हाणं कुणी कुणाकडे न्यायचं? पण सगळं एकच आहे, हे म्हणायला कुंभारीण उरते, कोळी उरत नाही.

वारकरी संत निळोबारायांचं पिंपळनेर आमच्याच पारनेर तालुक्यातलं. 'मी'पण टाकावं, हे ऐकतच मी वाढलो आणि ते मला आजही मान्य आहे. पण टाकणारा आपण होऊन टाकणारा हवा. नांगी मारून काढून घेतलं, ते समर्पण नव्हे. तरणा मुलगा गेलेल्या घरी 'देवाने त्याला आपलासा केला' म्हणणारे मी ऐकलेत, आणि त्या आईचं तोंडही पाहिलंय. साधकाने हा दृष्टान्त स्वतःला लावावा. त्या आईला तो लावण्याचा हक्क कुणालाच नाही.

पारायणात या दृष्टान्ताचा नववा अध्याय माझ्याकडे आला की ओव्या आहेत तशा वाचतो, आणि निरूपणात भीती कुणाच्या वाट्याला आली, तेही सांगतो. काही माळकऱ्यांना ते रुचत नाही.