तकदीर आणि तदबीर

अम्मीला मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली. गोळी चुकली की मी रागवायचे. ती शांतपणे म्हणायची, "जे नशिबात लिहिलंय ते टळत नाही, बेटी." या उत्तरापुढे मी गप्प व्हायचे. जणू प्रश्न गोळीचा नसून ईमानाचा होता.

पण हीच अम्मी फजरची नमाज कधी चुकवत नाही. पहाटे उठणे जी तकदिरीवर सोडत नाही, ती गोळीच तेवढी का सोडते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ साली मांडले, की घडणाऱ्या गोष्टींची दोरी आपल्या हाती आहे की नशिबाच्या, याविषयी माणसांच्या समजुती वेगवेगळ्या असतात. पुढे आइसेक ऐझेन यांनी सांगितले, की 'हे मला जमेल' असे वाटण्यावरही माणसाचा इरादा अवलंबून असतो. अम्मीची अडचण ईमानाची नव्हतीच. आपल्या करण्याने फरक पडतो, हे तिला कधी दिसलेच नव्हते. घरी साखर मोजायचे यंत्र आणले. जेवणानंतर चालल्यावर उतरलेला आकडा तिने स्वतः पाहिला. आता ती आकडे वहीत लिहिते. गोळी आजही अधूनमधून चुकते, पण नशिबाचे नाव निघत नाही.

सातव्या शतकात शामकडे निघालेले हजरत उमर तिथे प्लेग पसरल्याचे कळताच वाटेतून परतले. हजरत अबू उबैदा यांनी विचारले, अल्लाहच्या तकदिरीपासून पळता काय? उत्तराचा आशय असा होता, की आपण एका तकदिरीकडून दुसऱ्या तकदिरीकडेच जात आहोत. म्हणजे तदबीर तकदिरीच्या बाहेर नाही.

मात्र हीच गोष्ट पुढे ऐकली पाहिजे. अबू उबैदा आपल्या लोकांसोबत शाममध्येच राहिले आणि त्याच साथीत वारले. त्यांच्या मृत्यूला कुणी त्यांचा निष्काळजीपणा म्हटले नाही.

माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांचे वडील यंत्रमागावर बारा बारा तास उभे असतात, कापसाची धूळ छातीत घेतात. त्यांना 'तब्येत तुमच्याच हातात आहे' असे ऐकवणे हा जुलूम आहे. त्यांच्या हातात जे नाही, ते मालकाच्या, सरकारच्या आणि आपल्या हातात असू शकते. तिथे नशिबाचे नाव घेणे म्हणजे आपली जबाबदारी अल्लाहवर ढकलणे होय.

अम्मीला मी आता नशिबावरून टोकत नाही. तिच्या हातात काय आहे आणि माझ्या हातात काय, एवढेच पाहते.