बिनबिल्ल्याचा पहारेकरी

माणूस नोकरीतून निवृत्त होतो. नोकरी माणसातून निवृत्त होतेच असं नाही. तीस वर्षं पाणीपुरवठ्यात घालवल्यामुळे गल्लीत कुठं नळ टपकू लागला की मला आजही झोप लागत नाही. सौ. म्हणते, "माझी हाक ऐकू येत नाही, आणि तीन घरं पलीकडचा नळ बरा ऐकू येतो!"

आम्ही नांदेडचे. गोदावरीच्या जिवावर बरं चाललेलं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मुलीकडे गेलो. मिरजेहून 'जलदूत' रेल्वे आली ती त्याच महिन्यात. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. सगळी गल्ली घागरी घेऊन रांगेत, आणि एक गृहस्थ मात्र टँकरला थेट पाईप लावून आपला हौद भरत होते! मी हटकलं. ते शांतपणे म्हणाले, "काका, तुम्ही रिटायर झालात नं? मग कोणत्या अधिकारानं बोलायलात?"

मी गप्प. अधिकार खरंच कोणता?

पुढे कळलं, हाच प्रश्न एका बोटीलाही छळून गेला आहे. १९७५ साली ॲबर्डीनला बांधलेली 'वेस्ट्रा' ही स्कॉटलंडची सरकारी गस्ती बोट. बेकायदा मासेमारी करणाऱ्यांना धरणं हे तिचं काम. २००६ मध्ये 'सी शेफर्ड' या संस्थेनं ती विकत घेतली, पुढे नाव 'स्टीव्ह अर्विन' ठेवलं, आणि बाईसाहेब अंटार्क्टिकाच्या समुद्रात देवमासे मारणाऱ्या जपानी जहाजांच्या मागे लागल्या! बोट तीच, खोडही तीच. फक्त सरकारी शिक्का गेला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयानं या मंडळींना चक्क चाचे म्हटलं. आणि २०१४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सांगितलं, की संशोधनाच्या नावाखाली जपाननं तिथं चालवलेली ती शिकार संशोधनासाठी नव्हतीच. म्हणजे पळणाराही चुकला आणि पाठलाग करणाराही! आता आमच्यासारख्यानं कुणाकडे बघावं?

प्रत्येकानं स्वतःच स्वतःची नेमणूक केली, तर गल्लीत माणसांपेक्षा फौजदार जास्त होतील. आणि नेमणुकीची वाट बघत सगळेच बसले, तर पाईपवाल्याचा हौद भरतो.

नांदेडला परतल्यावर एक दिवस, हेच कोडं सोडवत मी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलो होतो. इतक्यात समोरच्या घरातलं सहा वर्षांचं पोरगं रस्त्यावरून ओरडलं, "आजोबा, तुमची टाकी वाहायली!"

धावत जाऊन मोटार बंद केली. घरासमोर लहानशी गोदावरी वाहत होती. "तुला रे कुणी अधिकार दिला?" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. गिळले. कारण पोरगं खरं बोलत होतं, आणि लातूरला मीही खरंच बोललो होतो.

तेव्हापासून पोराला सांगून ठेवलंय, टाकी वाहिली की खुशाल ओरड. लोकांना हटकण्याचा माझा परवाना मी त्याच्याकडूनच घेतलाय. तो कधी रद्द करायचा, हेही तोच ठरवणार.