आजचे चिंतन : गीता, अध्याय २, श्लोक ४७

रोजच्या क्रमात आज नेमका हाच श्लोक आला. आजोबांचं तेरावं होऊन चारच दिवस झालेत, त्यामुळे नुसता वाचून पुढे जाता आलं नाही.

अधिकार कर्मावर, फळावर नाही. मग १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यात आमचे आजोबाही होते, ते चुकलं का? पगारवाढ, बोनस म्हणजे फळच की! वीस वर्षं साचे चालवलेला माणूस. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आजोबा मात्र दादरला भाजीची पाटी घेऊन बसले.

लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आजीची खानावळ होती. कोकणातली पोरं जेवायला. संपात कुणाकडेच पैसे नव्हते, पण ताट कुणाचं थांबलं नाही. दहाव्याच्या दिवशी ट्रंकेत उधारीची ती वही सापडली. मालकाकडे हक्काने मागणारा माणूस हे पैसे मागायला एकदाही गेला नव्हता.

मला वाटतं, फळ सोडायचं ते आपण, आपल्या हाताने. दुसऱ्याने ते हिसकावून घ्यायचं आणि वर हा श्लोक ऐकवायचा, हे गीतेत बसत नाही. (महिनाअखेरीला पगाराच्या मेसेजची वाट बघणाऱ्या मी हे किती बोलावं, ते सोडा.)

तेराव्याला वहीतल्या एकाचा मुलगा पाकीट घेऊन आला होता. आजीने ते त्याच्याच खिशात परत घातलं आणि विचारलं, "जेवलास का रे?"