हळूहळू चालणाऱ्यांची वाट

मननार्थ शास्त्रभाग : उत्पत्ति ३३:१२–१४, लूक २४:१३–३२



आश्विन महिना लागला म्हणजे आपल्याकडे ऋतु पालटतो. आकाश धुतल्यासारखें दिसूं लागतें, ओढ्यांचें गढूळ पाणी निवळतें, माळावरचा तरवड पिवळ्या फुलांनीं भरून जातो, आणि उत्तरेकडून आलेले परीट पक्षी पाण्याच्या कांठीं शेपूट हालवीत फिरूं लागतात. ज्यास २०२४ सालापर्यंत अहमदनगर म्हणत, त्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील शेतकरी ह्याच सुमारास शाळू पेरतो. पाऊस तर सरत आलेला असतो, आणि पुढें ह्या पिकावर तो फारसा पडतही नाहीं. काळ्या जमिनीनें पावसाळ्यांत जी ओल पोटांत सांठविली, तिच्यावरच तें वाढतें व माघ-फाल्गुनांत कापणीस येतें.

मनुष्याच्या आयुष्यालाही असा शरदृतु असतो. केस पिकले, हातचें काम सुटलें, मुलें पोटासाठीं दूर गेलीं, म्हणजे आपण म्हणतों कीं आतां काय उरलें? परंतु देवानें इतकीं वर्षें जी ओल अंतःकरणांत मुरविली, ती उरलेली असते.

ह्याच जिल्ह्यांतील एका खेड्यांत पांच वृद्ध मित्र आहेत. दोघे निवृत्त शिक्षक, दोघे शेतकरी व एक सुतार. आश्विनांत, ऊन तापण्यापूर्वीं, ते गाडीवाटेनें ओढ्यापर्यंत फिरावयास जातात. अंतर मैलभराहून अधिक नाहीं. फडक्यांत भाकरी व चटणी असते, आणि वाटेवरच्या शेतांतून उपटलेल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा मिळतात. त्यांचा एक नियम आहे. ज्याचे गुडघे सर्वांत अधिक दुखतात, त्यानें सर्वांच्या पुढें चालावयाचें, म्हणजे कोणी मागें राहत नाहीं. एकाची दृष्टि गेली आहे. बाकीचे त्यास तरवड कोठवर फुलला तें सांगतात. आणि कोणत्या खळ्यावर बाजरी मळीत आहेत, तें वासावरून तो त्यांस सांगतो. जुन्या आठवणी निघतात, हंसणें होतें, आणि मैलभर वाटेस सबंध सकाळ लागते.

गतवर्षीं आषाढांत त्यांच्यांतील सुताराची पत्नी प्रभूमध्यें निजली. तेव्हांपासून त्यानें घराचा उंबरठा ओलांडणें सोडलें. उपासनेसही तो येईना. आश्विन लागतांच चौघे त्याच्या दारीं गेले व म्हणाले, “ऊठ गड्या, ओढ्यावर जाऊं.” तो उठला नाहीं. त्यांनीं उपदेश केला नाहीं, कीं रागही धरिला नाहीं. घटकाभर ओट्यावर बसून ते आपापल्या घरीं गेले. दुसरे दिवशीं तसेंच झालें, तिसरे दिवशींही तसेंच. चवथे दिवशीं त्यानें काठी घेतली. त्या सकाळीं त्यांनीं त्यालाच पुढें चालूं दिलें. ओढ्यावर बसून शेंगा सोलतां सोलतां तो पत्नीविषयीं बोलूं लागला, आणि तो थांबेपर्यंत कोणी मध्यें बोललें नाहीं.

आतां याकोबाकडे पाहा. तो वीस वर्षांनीं स्वदेशीं परत येत होता. ४०० माणसें घेऊन आलेल्या एसावानें त्यास बरोबर चालण्याविषयीं विनविलें. परंतु बरोबर कोंवळीं लेंकरें व दूध पाजणारीं जनावरें आहेत, त्यांस एक दिवस दामटलें तरी तीं दगावतील, म्हणून आपण त्यांच्याच चालीनें येऊं, असें याकोबानें कळविलें. ह्या उत्तरांत भावाविषयींची सावधगिरीही असेल. तथापि आदल्या रात्रीं पनिएल येथें तो स्वतः लंगडा झाला होता, हें विसरूं नये. जो लंगडतो, त्यास दुसऱ्याची चाल कळते.

आपल्या प्रभूनेंही असेंच केलें. दोन शिष्य यरुशलेमेहून सुमारें ७ मैलांवरील अम्माऊस गांवाकडे खिन्न होऊन चालले होते. पुनरुत्थित प्रभु त्यांच्याजवळ आला व त्यांच्याबरोबर चालूं लागला. कशाविषयीं बोलत आहां, असें त्यानें विचारिलें, आणि त्यांचें सारें दुःख ऐकून घेतलें. शास्त्राचा उलगडा त्यानें त्यानंतर केला. आपण बहुधा उलट करितों. शोकग्रस्ताच्या घरीं आपण वचनें घेऊन जातों, परंतु त्याच्याबरोबर चार पावलें चालण्यास आपणांस वेळ नसतो.

म्हणून, बंधुभगिनींनो, येत्या रविवारीं उपासना झाल्यावर आपल्या मंडळींतील कोण वृद्ध येईनासे झाले आहेत, ह्याची आठवण करा. त्यांच्या दारीं जा. त्यांस बांधाबांधानें, ओढ्यापर्यंत, निदान गांवाच्या वेशीपर्यंत तरी घेऊन चला, आणि त्यांच्या चालीनें चाला. पहिल्या दिवशीं ते उठले नाहींत तर ओट्यावर बसा, व दुसरे दिवशीं पुन्हां जा. चवथे दिवशीं कोणी काठी हातीं घेईल कीं नाहीं, हें प्रभूच्या स्वाधीन आहे. पहिले तीन दिवस मात्र आपल्या स्वाधीन आहेत.

आणि जे तुम्ही स्वतः वृद्ध आहां, त्या तुम्हांस माझी विनंति ही कीं, कोणी बोलावण्यास आला तर नको म्हणूं नका. तुमची मंद चाल हें मंडळीस ओझें नव्हे. तुमच्यामागून चालतांना आम्हांस ती वाट नीट दिसते.

अम्माऊसच्या वाटेवर जो दोघांच्या चालीनें चालला, तो प्रभु तुमच्याबरोबर चालो. आमेन.