उगवलेले केस परत घेताना

डोक्यात रुपयाएवढी गुळगुळीत जागा पडली की आमच्या केज-धारूरकडे म्हणतात, चाई लागली. मग कुणी लसूण चोळायला सांगतं, कुणी म्हणतं कीड आहे. कीडबिड काही नसते. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. डॉक्टर त्याला अलोपेशिया अरियाटा म्हणतात. पुष्कळांची चाई आपोआप भरून येते. काहींचं मात्र सगळं डोकं जातं, भुवया आणि पापण्याही जातात. मूळ मरत नाही, नुसतं गप्प बसतं. त्यामुळे वर्षांनंतरसुद्धा केस परत येऊ शकतात.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून बातमी आली. अंगावर जवळजवळ केसच नसलेल्या एका पंचविशीतल्या तरुणाला सोरायसिसही होता. डॉ. ब्रेट किंग यांनी त्याला टोफासिटिनिब हे संधिवाताचं औषध दिलं आणि काही महिन्यांत त्याचं डोकं केसांनी भरलं. पण एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून त्याच जातीच्या बॅरिसिटिनिब या औषधाच्या ‘ब्रेव्ह’ नावाच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यात १,२०० माणसं होती आणि प्रत्येकाचं किमान अर्धं डोकं उघडं होतं. कुणाला गोळी आणि कुणाला औषध नसलेली रिकामी गोळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. पास कधी म्हणायचं? डोक्याचा ८० टक्के भाग केसांनी झाकला तर. ही रेघ रुग्णांना आणि डॉक्टरांना विचारून आखलेली आहे, हे मला फार आवडलं. ३६ आठवड्यांनी ४ मिलिग्रॅमवाल्यांपैकी ३५ ते ४० टक्के लोक पास झाले, रिकाम्या गोळीवाल्यांपैकी ३ ते ६ टक्के. २०२२ मध्ये अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली.

मला अडवणारा भाग यानंतरचा आहे. पहिल्या चाचणीत वर्षभराने, ज्यांचे केस चांगले आले होते त्यांच्यापैकी काहींना पुन्हा चिठ्ठीनेच, न सांगता, रिकाम्या गोळीवर टाकलं. औषध थांबवलं तर केस टिकतात का, हे बघायचं होतं. टिकले नाहीत. जवळपास दोन वर्षांत अशा सुमारे ८० टक्के लोकांचे केस पुन्हा गेले.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. एखादं फीचर खरंच लागतं का, हे कळावं म्हणून काही युजर्ससाठी ते गुपचूप बंद करायचं. तिथे फार तर स्क्रीनवरचं एक बटण जातं. इथे पहिल्यांदा वेणी घातलेल्या बाईची वेणी जाते. आणि आपल्याकडे बाईचं केस नसलेलं डोकं म्हणजे नुसतं दिसण्याचा प्रश्न कधीच नव्हता. विधवांच्या केशवपनाला नकार देत १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी संप केला, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने. तो अर्थ पुसायला किती पिढ्या लागल्या ते बघा.

तरीही ही चाचणी मला योग्य वाटते. गोळी बदलली जाऊ शकते, हे लोकांना आधी सांगून त्यांची संमती घेतलेली होती. केस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की औषध पुन्हा सुरू होत होतं. आणि हे कळलंच नसतं तर? या औषधाने गंभीर संसर्ग होऊ शकतो, रक्ताची गुठळी होऊ शकते, दबलेला टीबी उठू शकतो. एवढी जोखीम किती वर्षं घ्यायची, हे प्रत्येक डॉक्टरला अंदाजाने सांगावं लागलं असतं.

आता बीडला या. टोफासिटिनिबची जेनेरिक गोळी भारतात मिळते. गोळीचा खर्च, सुरू करण्याआधी टीबीची तपासणी, मग ठरावीक काळाने रक्ततपासण्या. समजा, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीने पावसाळ्यात उपचार सुरू केले. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल फेडायला अख्खा कोयता कारखान्यावर निघतो, पार मार्चपर्यंत. फडात कुठली तपासणी? गोळी थांबते, केस गळतात. प्रयोग तोच, फक्त त्यात औषध पुन्हा सुरू करण्याची अट नाही आणि निकाल लिहून घेणारंही कुणी नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात गावागावांत एकदम केस गळायला लागले, तेव्हा (ती चाई नव्हती, प्रकरण वेगळं होतं) आयसीएमआरचं पथक आलं. एकटीचे केस गेले तर ती स्कार्फ बांधते आणि शाळा सोडते.

सही घेतली, म्हणजे समजावलं, हे बीडमध्ये तरी कुणी म्हणू नये. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांसाठी २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. आणि ऑपरेशनला संमतीपत्र लागतंच. म्हणून चाईची गोळी लिहिताना डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी, आईबापांच्या समोर, दोन गोष्टी बोलाव्यात: केस येतील कदाचित, पण गोळी बंद केली की बहुधा जातील, आणि तुम्हाला ही किती महिने परवडेल? उत्तर ‘दिवाळीपर्यंत’ असं आलं, तर सुरू करायची की नाही हे त्या मुलीलाच विचारावं. काही मुली चार महिन्यांच्या केसांसाठीही हो म्हणतील, एखाद्या लग्नापुरते का होईना. मला ते चूक म्हणता येत नाही.