शिकविणाराचा धीर

एखाद्या मुलास एखादी विद्या येत नाहीं असें दिसलें म्हणजे ‘ह्याला तिचें अंगच नाहीं’ असें म्हणून आपण मोकळे होतों. हें वाक्य फार सोईचें आहे. कारण त्यानें दोष मुलाच्या जन्मावर पडतो आणि शिकविणारा निर्दोष सुटतो. परंतु असें म्हणण्याचा अधिकार कोणास व केव्हां पोंचतो, ह्याचा विचार वाचकांनीं आज आम्हांबरोबर करावा. उदाहरणास आम्ही व्हायोलिन घेतों. कारण धीराची परीक्षा पाहणारें ह्याहून कठीण वाद्य आम्हांस ठाऊक नाहीं.

पेटीवर बोट ठेवा, भाता हलवा, कीं स्वर तयार निघतो. मग बोट अनाड्याचें असो कीं उस्तादाचें. व्हायोलिनास तारा चार, पण सतारीप्रमाणें पडदे नाहींत. बोट केसभर सरकलें कीं स्वर चढतो किंवा उतरतो. गज जरा तिरपा गेला कीं तार किरकिरते. म्हणजे स्वर कोठें आहे हें आधीं कानास कळावें लागतें, मग बोटास. पहिले कित्येक महिने शिकणारा स्वतःच्या कानांस शिक्षा देतो, आणि घरच्यांच्याही. (त्यांचा धीर कोणी मोजीत नाहीं!)

कांहीं वर्षांपूर्वीं एक मुलगा आमच्याकडे शिकावयास येत असे. गळा गोड, एकदां ऐकलेलें भजन बिनचूक म्हणे. पण व्हायोलिनावर दुसऱ्या बोटाचा स्वर नेहमीं उतरा लागे. आम्ही तोच धडा वीस वेळां सांगितला, आणि एकविसाव्या वेळीं ‘तुझ्या हातांत हें नाहीं’ असें म्हणालों. तो पुन्हां आला नाहीं. त्या वेळीं आम्ही आपणांस मोठे धीराचे समजत होतों. वीस वेळां सांगितलें ना! पण एकच गोष्ट त्याच शब्दांत वीस वेळां सांगणें हा धीर नव्हे, हट्ट होय. शिवाय मुलाकडून एकच चूक वीस वेळां करवून घेणें म्हणजे ती त्याच्या बोटांत मुरविणेंच होय.

जपानांतील शिनिची सुझुकी ह्यांचा जन्म १८९८ सालीं नागोया शहरीं झाला. वडिलांचा व्हायोलिनांचा कारखाना होता. तरी वाजविण्याची ओढ त्यांस लागली ती ऐन तारुण्यांत, ग्रामोफोनची तबकडी ऐकून. पुढें जर्मनींत शिकून ते परतल्यावर एका गृहस्थानें आपला चार वर्षांचा मुलगा त्यांजकडे आणला. एवढ्या लहानग्यास कसें शिकवावें हें त्यांस सुचेना. मग ध्यानांत आलें कीं, जपानचीं सारीं मुलें जपानी बोलतात! आमच्या खेड्यांतील कोणत्या आईनें ‘ह्यास मराठीचें अंग नाहीं’ म्हणून मुलाशीं बोलणें सोडलें आहे? मूल बोबडें बोललें तर ती हंसते, पुन्हां बोलते, निराळ्या तऱ्हेनें बोलते, अंगाईंत घालून बोलते. सुझुकींनीं हीच रीत उचलली. मुलानें गीत आधीं पुष्कळ ऐकावें. घरीं आईनें प्रथम वाजवावें. तें पाहून मूल स्वतःच व्हायोलिन मागूं लागतें, तेव्हां त्याच्या मापाचें लहानसें त्यास द्यावें. नवें गीत आलें तरी जुनें सोडूं नये. १९४६ सालीं मात्सुमोतो गांवीं त्यांनीं हें काम शाळेच्या रूपानें आरंभिलें. १९५५ सालीं टोकियोंत सुमारें बाराशें मुलांनीं एकत्र वाजविलें. १९९८ सालीं सुझुकी वारले.

कोणी म्हणेल, सारीं मुलें सारखीं काय? तसें आम्हांसही वाटत नाहीं. शिवाय शिकविणारासही पोट आहे, आणि वेळ थोडा. एखाद्यास सोडणें कधीं कधीं भागच पडतें. मग तसें सांगावें: ‘आम्हांस सवड नाहीं,’ किंवा ‘आम्हांस युक्ति सुचत नाहीं.’ हें बोलावयास जड जातें, पण तें खरें असतें. ‘तुझ्यांत नाहीं’ हें मात्र आम्हांस ठाऊकच नव्हतें. त्या मुलाचा गळाच आम्हांविरुद्ध साक्ष देत होता.

सध्यां एक मुलगी येते. तिचेंही दुसरें बोट तसेंच चुकतें. आम्ही तिला गज खालीं ठेवावयास सांगितला. स्वर आधीं गाऊन दाखवावा, मग बोटानें तार छेडून तोच शोधावा, मग गज लावावा. गेल्या आठवड्यांत पांचांपैकीं तीन वेळां बोट जागेवर पडलें. गज अजून तिरपाच जातो. त्यास काय करावें ह्याच विचारांत आम्ही आहों.